गव्हाचा उतारा नेमका कधी ठरतो? जमिनीचा कस न घालवता तो कसा वाढवायचा?

वाफसा (धागाकर्ता)

गव्हावर बोलणं निघालं की गाडी हमखास खतावर जाते, किती पोती टाकली, कुठलं टॉनिक मारलं, दाणे भरताना काय फवारलं. मला वाटतं आपण प्रश्नच उशिरा विचारतो. गव्हाचा बराचसा उतारा, म्हणजे हेक्टरी उत्पादन, पेरणीपासून फुलोऱ्यापर्यंत ठरून गेलेला असतो, नंतर आपण फक्त ठरलेलं राखतो किंवा घालवतो.

आधी हिशोब मांडतो म्हणजे पुढचं बोलणं हवेत राहणार नाही. गव्हाचं उत्पादन म्हणजे तीन आकड्यांचा गुणाकार, एका चौरस मीटरमधल्या ओंब्या, एका ओंबीतले दाणे आणि एका दाण्याचं वजन. समजा ४५० ओंब्या आहेत, ओंबीत ४० दाणे आहेत आणि हजार दाण्यांचं वजन ४० ग्रॅम आहे, तर मीटरला ७२० ग्रॅम म्हणजे हेक्टरी ७.२ टन. आता दुसरं रान घ्या, २५० ओंब्या, ३० दाणे, हजार दाण्यांचं वजन ३५ ग्रॅम. हे भरतं अडीच टनांच्या थोडं वर. दोन्ही रानं बांधावरून हिरवीगारच दिसतात हो, पण आत शिरून मोजलं की फरक कळतो.

आणि हे तीन आकडे एकाच वेळी ठरत नाहीत. ओंब्या किती हे उगवण आणि फुटव्यांवर (रोपाच्या बुडातून फुटणारी जादा ताटं), म्हणजे पहिल्या दीड महिन्यात. ओंबीतले दाणे किती हे कांडी धरल्यापासून (ताट पेरं धरून उंच होऊ लागतं तेव्हापासून) फुलोऱ्यापर्यंत, त्यातही फुलोऱ्याआधीचे साधारण तीन आठवडे सगळ्यात नाजूक, त्या काळात ऊन चांगलं आणि हवा थंड असेल तर दाणे जास्त धरतात. दाण्याचं वजन शेवटी. म्हणजे फुटवेच कमी आले असतील तर शेवटच्या महिन्यात कितीही खर्च करा, नसलेल्या ओंबीत दाणा कुठून भरणार?

म्हणून सगळ्यांना विनंती, लाकडाची किंवा पाइपची एक मीटर बाय एक मीटर चौकट करा आणि रानात चार-पाच ठिकाणी टाकून ओंब्या मोजा. चांगली जागा शोधून टाकू नका, जिथे पडेल तिथे मोजा. तीनपैकी कुठला आकडा कमी पडतोय हे कळलं की उपाय आपोआप अर्धा सापडतो आणि नको तो खर्च वाचतो. शाश्वत शेती वगैरे मोठे शब्द वापरायच्या आधी मला तरी ही मोजणी महत्त्वाची वाटते, कारण वाया जाणारं पाणी आणि वाया जाणारं खत हेच जमिनीला सगळ्यात जास्त नडतं.

पेरणी, पाणी, नत्र (नायट्रोजन), काड, फेरपालट, रोग, ज्याला जे माहीत आहे ते लिहा.

शिवारफेरी

चांगला धागा. पण मग न्यूझीलंडमध्ये २०२० साली हेक्टरी १७.३९८ टनांचा विश्वविक्रम झाला ना, तो गहू पण गहूच आहे, जगाची सरासरी साडेतीन टनांच्या आसपास आणि तिकडे सतरा, तर मग ते लोक असं काय वेगळं करतात की तेच तंत्र उचलून सगळीकडे वापरता येणार नाही?

वाफसा

शिवारफेरी, तिकडची मेहनत मोठी आहेच, पण मुख्य गोष्ट उचलून आणता येत नाही, ती म्हणजे थंडावा. तिथला गहू रानात दहा महिने वगैरे असतो, दाणे भरतात तेव्हा दिवस मोठे आणि हवा गार, म्हणून दाणा सावकाश आणि पोटभर भरतो. जिथे गहू चार महिन्यांत उन्हाळ्याच्या तोंडाशी येतो तिथे हे होणार नाही. पारा तिशीच्या वर गेला की दाणा भरायचा काळ आखडतो आणि दाणा बारीक राहतो.

म्हणून तुलना विश्वविक्रमाशी करूच नये. तुमच्या हवेत, तुमच्या पाण्यावर जास्तीत जास्त किती येऊ शकतं आणि तुम्हाला किती येतंय, यातलं अंतर बघायचं. ते अंतर भरून काढणं हेच आपलं काम.

उष्ण भागात या अंतराचा मोठा हिस्सा पेरणीच्या तारखेत असतो. योग्य वेळ टळली की उशिराच्या प्रत्येक दिवसाला साधारण १ टक्का उत्पादन जातं, म्हणजे तीन आठवडे उशीर म्हणजे पाचवा हिस्सा गेलाच समजा, आणि हे नुकसान कुठल्याही खताने भरून निघत नाही. त्यात हवा तापत चालली आहे. २०१५ मध्ये गव्हाच्या वाढीची तीस संगणकी मॉडेल एकत्र लावून अंदाज काढला होता, तापमान १ अंशाने वाढलं की जगाचं गव्हाचं उत्पादन सुमारे ६ टक्के घटतं. वेळेवर पेरणीला एक रुपया जास्त लागत नाही, तरी ती सगळ्यात आधी चुकते, कारण आधीचं पीक वेळेत निघत नाही. म्हणजे गव्हाची तयारी आधीच्या पिकाचं वाण निवडताना सुरू होते, लवकर निघणारं वाण घेतलं की गहू वेळेत पडतो.

ओंबी

मोजणीचा मुद्दा एकदम पटला. त्यातच बियाण्याचं पण लिहिते, कारण आपण बियाणं किलोत मोजतो आणि रोपं मात्र नगात उगवतात 🙂

मीटरला २५० रोपं हवी आहेत असं धरा. शंभरातले ८५ उगवणार असतील तर मीटरला २९४ दाणे पडायला हवेत. हजार दाणे ३५ ग्रॅमचे असतील तर हेक्टरी साधारण १०३ किलो बियाणं लागेल. तेच ५० ग्रॅमचे टपोरे असतील तर १४७ किलो. म्हणजे "हेक्टरी शंभर किलो" हा एकच आकडा दोन वाणांना लावला तर एकीकडे दाटी आणि एकीकडे विरळ होणार. हजार दाणे मोजून वजन करायला अर्धा तास पण लागत नाही. उगवण तपासायला शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून आठवडाभर ठेवा आणि मोड मोजा, ८५ च्या खाली आले तर ते बियाणं बदललेलं बरं.

दुसरं म्हणजे खोली. आजचे बहुतेक गहू बुटके आहेत, ती बुटकेपणाची जनुकं जपानच्या नोरिन १० या वाणातून आली, कृषिशास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत त्यांच्यावरच काम केलं आणि १९७० मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. ताट बुटकं झाल्यामुळे खत पचवूनही गहू लोळत नाही हा मोठा फायदा. पण याच जनुकांमुळे कोंबावरचं टोपण, म्हणजे जे माती फोडून वर येतं ते, आखूड झालंय. जुना उंच गहू खोल पडला तरी वर यायचा, हा येत नाही. चार-पाच सेंटिमीटरच्या खाली बी गेलं की उगवण मागेपुढे होते, रोप पिवळट येतं आणि फुटवे कमी. ओल खाली गेलीये म्हणून बी पण खाली टाकायचं हे बुटक्या गव्हाला चालत नाही, त्यापेक्षा आधी पाणी देऊन वाफशावर, म्हणजे चिखल ओसरून जमीन नुसती ओलसर राहिली की, पेरा. आणि फोकून पेरणी करत असाल तर काही दाणे वर, काही खोल, काही पाखरांना, हा सगळा हिशोबच मोडतो. पाभरीने किंवा पेरणी यंत्राने ओळीत पेरा.

पाटकरी

पाण्याचं मी लिहितो. गव्हाला एकच पाणी देता येणार असेल तर ते कधी द्यायचं? पेरणीनंतर २० ते २५ दिवसांनी. का ते रोप उपटून बघितल्याशिवाय कळत नाही, म्हणून सांगतो तसं करा.

तीन आठवड्यांचं रोप खुरप्याने मातीसकट उचला आणि पाण्यात हलक्या हाताने धुवा. खाली बियाण्याची टरफलं चिकटलेली दिसतील, तिथून तीन-पाच बारीक मुळं निघालेली असतात, ती पहिली मुळं, रोपाने आतापर्यंत त्यांच्यावरच दिवस काढलेत. तिथून वर एक पांढरी दांडी आणि जमिनीखाली बोटाच्या एका पेराएवढ्या अंतरावर एक गाठ दिसेल. बी कितीही खोल पेरा, ही गाठ वरच धरते. या गाठीतून जाड पांढरी मुळं नुकती डोकावत असतात, तीच मुकुटमुळं, आणि फुटवे पण याच गाठीतून. आता विचार करा, ही गाठ वरच्या थरात आणि वरचा थरच सगळ्यात आधी सुकतो. माती कोरडी असेल तर ती मुळं अर्ध्या सेंटिमीटरवर अडतात, बोथट होतात, आणि फुटव्याला स्वतःचं मूळच मिळत नाही. मग तो फुटवा पुढे वाळतो. पुढे तुम्ही चार पाणी दिली तरी त्या ओंब्या परत येत नाहीत.

दुसरं पाणी देता येत असेल तर कांडी धरताना नाहीतर पोटरीच्या सुमाराला (ओंबी अजून पानाच्या वेष्टनात असते तेव्हा), तिसरं फुलोऱ्यात, मग चीक भरताना. दाणे भरताना पाणी द्यायचं असेल तर वारा पडलेला बघून हलकं द्या, ओंब्या जड झालेल्या असतात, जमीन ओली आणि वर वारा आला की गहू झोपतो.

वाफे बुडवून पाणी देण्यापेक्षा गादीवाफ्यावर दोन-तीन ओळी आणि सरीतून पाणी ही पद्धत जरूर बघा. मेक्सिकोच्या याकी खोऱ्यात बहुतांश शेतकरी गहू असाच घेतात, पाणी पाव हिस्सा तरी वाचतं, भारी जमिनीत मुळं गुदमरत नाहीत आणि सरीतून चालत जाऊन तण काढता येतं, खत देता येतं. हलक्या रेताड जमिनीत मात्र गादीच्या मधोमध ओल पोचत नाही, तिथे घाई करू नका.

रोखठोक

सगळं ठीक आहे पण साधा अनुभव सांगतो, दोन पोती युरिया जास्त टाकला की गहू काळाभोर होतो आणि शेजारच्यापेक्षा उंच दिसतो, हे डोळ्यांनी दिसतंय ते कसं नाकारायचं, आणि खत कमी करायला सांगणाऱ्यांनी उतारा कमी आला तर भरून देणार का ते पण सांगावं.

वाफसा

रोखठोक, तुमची भीती खरी आहे, उतारा कमी येऊन चालत नाही, आणि मी पण खत बंद करा म्हणत नाही. फक्त गव्हाला लागतं किती ते बघू.

दाण्यात १२ टक्के प्रथिनं असली तर एका टन दाण्यात साधारण २१ किलो नत्र असतं. ५ टन गहू म्हणजे दाण्यात १०५ किलो आणि काडात अजून पंचवीसेक, सगळं मिळून १३० च्या आसपास. यातला काही भाग जमीन स्वतः देते, सेंद्रिय कर्ब चांगला असेल तर बराच देते. उरलेलं खतातून द्यायचं. आता गंमत अशी की १९९९ मध्ये जगातल्या सगळ्या तृणधान्यांचा हिशोब मांडला गेला तेव्हा दिसलं की दिलेल्या नत्रातलं फक्त ३३ टक्के दाण्यात पोचतं. बाकीचं पाण्याबरोबर खाली जातं आणि विहिरीत नायट्रेट होऊन उतरतं, नाहीतर अमोनिया होऊन उडतं, आणि थोडं नायट्रस ऑक्साइड बनतं जे कार्बन डायऑक्साइडच्या अडीचशे पटींहून जास्त उष्णता धरून ठेवतं. तुम्ही तीन पोती टाकली की त्यातली दोन अशी जातात, पैसे तिन्हीचे.

काळाभोर गहू म्हणजे पानात नत्र भरपूर, पण ते दाण्यात उतरेलच असं नाही. लवकर आणि जास्त नत्र मिळालं की फुटवे वेड्यासारखे फुटतात, त्यातले निम्मे पुढे वाळतात, ताट लुसलुशीत राहतं, तांबेरा आणि मावा त्याच्यावर आधी येतात आणि शेवटी गहू लोळतो.

म्हणून नत्र तोडून द्या. थोडं पेरणीला, मोठा हिस्सा पाटकरींनी सांगितलेल्या पहिल्या पाण्याच्या वेळी, आणि तिसरा हिस्सा कांडी धरताना, पण हा तिसरा हिस्सा बघून द्यायचा. बघायचा कसा? रानात एक पट्टा सोडा, दोन-तीन मीटर रुंद, त्याला सुरुवातीलाच पूर्ण नत्र देऊन टाका, कमी पडायला नको इतकं. कांडी धरायच्या वेळी तो पट्टा आणि बाकीचं रान शेजारी शेजारी उभं राहून बघा. पट्टा वेगळा ओळखू येत असेल तर रानाला भूक आहे, द्या. पट्टा कुठे सुरू होतो तेच सापडत नसेल तर जमीनच पुरवतेय, तो हप्ता घरात ठेवा. अमेरिकेत ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाने ही पद्धत गव्हातच रुळवली आहे आणि तिला कुठलंही यंत्र लागत नाही. उतारा कमी येण्याची भीती यात राहत नाही कारण भूक लागलेली असेल तर तुम्ही देणारच आहात.

आणि युरिया भर उन्हात ओल्या जमिनीवर पसरून ठेवू नका, चुनखडीच्या जमिनीत तर अजिबात नाही. पाण्याच्या आधी टाका म्हणजे पाण्याबरोबर आत जाईल.

मृद्गंध

धागा छान चाललाय, पण सगळं बोलणं रासायनिक खताभोवती फिरतंय. शेणखत, कंपोस्ट, हिरवळीचं खत यावर गहू येत नाही का? माझ्या मते जमीन जिवंत असेल तर बाहेरून काहीच लागू नये.

बेवड

मृद्गंध ताई, यावर जगातला सगळ्यात जुना पुरावा इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात आहे. ब्रॉडबाल्क नावाचं रान, १८४३ पासून तिथे दरवर्षी गहू. एका पट्ट्याला पहिल्यापासून काहीच दिलेलं नाही, तिथे आजही हेक्टरी एक टनाच्या आसपास येतं. एकाला दरवर्षी ३५ टन शेणखत, तिथला सेंद्रिय कर्ब बिनखताच्या पट्ट्याच्या दुपटीपेक्षा जास्त झालाय. आणि रासायनिक खतावरचे पट्टे पण इतकी वर्षं चांगलं पिकतायत, जमीन मेली वगैरे झालेलं नाही. सगळ्यात जास्त उतारा कुठे, तर शेणखत अधिक थोडं नत्र अशा पट्ट्यात.

म्हणजे दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. पण हेक्टरी ३५ टन शेणखत दरवर्षी कोणाकडे आहे? जेवढं आहे तेवढं जरूर टाका, कुजलेलं टाका, त्यातलं नत्र हिशोबात धरा आणि उरलेलं खतातून. शेणखताचा खरा उपयोग ओल धरायला आणि माती भुसभुशीत ठेवायला, आणि तो एका हंगामात दिसत नाही, वर्षानुवर्षं साठत जातो.

आता माझ्या आवडीचा विषय, बेवड, म्हणजे आधीच्या पिकाचा पुढच्या पिकाला होणारा फायदा-तोटा. गव्हावर गहू, परत गहू, असं केलं की मुळं कुजवणारी बुरशी जमिनीत घर करते, आणि बांधावरून काही दिसत नाही, फक्त ओंब्या अकाली पांढऱ्या पडतात. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या शेकडो तुलना एकत्र केल्या, गव्हानंतर गहू आणि दुसऱ्या पिकानंतर गहू. कडधान्याच्या बेवडावर हेक्टरी सरासरी १.२ टन जास्त, मोहरीवर्गीय पिकाच्या बेवडावर ०.८ टन, आणि ओटसारख्या तृणधान्याच्या बेवडावर पण अर्धा टन. अर्धा टन ओटनंतर कसा वाढला, तो तर नत्र पण देत नाही? कारण बुरशीची साखळी तुटली. एवढी वाढ मी तरी कुठल्या फवारणीने आलेली बघितलेली नाही. हरभरा, वाटाणा, मसूर, बरसीम, जे तुमच्या हवेत बसेल ते तीन-चार वर्षांतून एकदा गव्हाच्या जागी आणा.

शून्य मशागत

काडाबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. ५ टन दाणा निघाला की जवळजवळ तेवढंच किंवा थोडं जास्त काड रानात उभं राहतं. जाळलं की त्यातला कर्ब आणि बहुतेक नत्र हवेत, पालाश (पोटॅशियम) बराचसा राखेत राहतो पण राख वाऱ्याने आणि पाण्याने जाते. जनावरांना लागतं तेवढं न्या, त्याबद्दल काही म्हणणं नाही, पण उरलेलं जाळू नका हो.

माझा आग्रह असा की काड वरच राहू द्या आणि त्यातूनच पेरा. पंजाबात यासाठी ऑस्ट्रेलियाच्या मदतीने हॅपी सीडर तयार झालं, भाताचं काड कापून ओळीतून बाजूला करतं आणि गहू थेट पेरतं. यातला सगळ्यात मोठा फायदा परत वाफसा यांच्याच मुद्द्यावर येतो, नांगरट-कुळवणी-पाळ्या यात जाणारे दिवस वाचतात म्हणजे पेरणी लवकर होते. शिवाय जमीन झाकलेली असते तर वरचा थर सुकत नाही, म्हणजे ती मुकुटमुळांची गाठ ओलीत राहते.

रोखठोक

मग नांगर विकून टाकायचा का? आमच्याकडे एकाने बिननांगरटीचं केलं आणि तण इतकं माजलं की गहू दिसेना.

शून्य मशागत

नाही, तसं सरसकट मी म्हणत नाही. २०१५ मध्ये ६३ देशांतल्या प्रयोगांचा एकत्र अभ्यास आला, सगळी पिकं मिळून, त्यात नांगरट बंद केल्यावर उत्पादन सरासरी ५.७ टक्के घटलं. पण कोरडवाहू, कमी पावसाच्या भागात बिननांगरट अधिक काडाचं आच्छादन अधिक फेरपालट, तिन्ही एकत्र केलं तिथे ७.३ टक्के वाढलं. अर्ध्यावर सोडलं की फसतं. काड काढून घ्यायचं आणि नांगर पण घालायचा नाही, यात जमीन नुसती घट्ट होते.

तणाचं खरं आहे. त्यातही फॅलॅरिस मायनर हे गवत सगळ्यात त्रासदायक, कारण लहानपणी ते हुबेहूब गव्हासारखं दिसतं. ओळखायचं असं, रोप बुडातून चिमटीत धरून बघा, याचा बुडखा लालसर असतो, गव्हाचा नसतो. आणि पान जिथे ताटाला बिलगतं तिथे गव्हाला दोन बारीक केसाळ कान असतात, याला नसतात. हरियाणात वर्षानुवर्षं आयसोप्रोट्युरॉन हे एकच तणनाशक मारलं गेलं आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला त्या तणाने दाद देणंच बंद केलं. म्हणून औषधाचा गट बदलत राहा, पेरणीआधी पाणी देऊन तणाची पहिली पिढी उगवू द्या आणि मारा, बेवड बदला, आणि जे उरेल ते बी धरायच्या आत उपटून रानाबाहेर टाका. एक वर्ष बी पडू दिलं तर पुढे बरीच वर्षं निस्तरावं लागतं.

मृद्गंध

काड मातीत गाडलं तर? वरच ठेवायला आमची पाभर चालत नाही.

शून्य मशागत

चालेल, पण पेरणीच्या तोंडावर गाडू नका. गव्हाच्या काडात ऐंशी भाग कर्बाला एक भाग नत्र असं प्रमाण असतं, ते कुजवणारे जिवाणू सुरुवातीला मातीतलं नत्र स्वतःच ओढून घेतात आणि कोवळा गहू पिवळा पडतो. आधी गाडा, ओल मिळू द्या, पेरणीपर्यंत निदान महिना-दीड महिना मिळाला पाहिजे.

तांबेरा निरीक्षक

रोगांवर थोडक्यात. पिकवलेला उतारा दोन आठवड्यांत घालवायची ताकद तांबेऱ्यात आहे. पिवळा तांबेरा गार हवेत, तपकिरी त्याहून थोड्या उबेत, काळा अजून गरम हवेत. फवारणी हा शेवटचा उपाय, पहिला उपाय प्रतिकारक वाण, पण प्रतिकार कायमचा नसतो. १९९८ मध्ये युगांडात काळ्या तांबेऱ्याची यूजी९९ ही जात सापडली, तिने एसआर३१ हे रोगप्रतिकाराचं जनुक मोडलं, आणि तेव्हा जगातले कितीतरी गहू त्याच एका जनुकावर विसंबून होते. गव्हाचा करपा (ब्लास्ट) हा दुसरा बुरशीचा रोग बघा, १९८५ मध्ये ब्राझीलमध्ये दिसला, २०१६ मध्ये बांगलादेशात पोचला, २०१८ मध्ये झांबियात.

यातून घ्यायचं ते एवढंच की सगळ्या शिवारात एकच वाण पेरू नका, दोन-तीन वाणं ठेवा, आणि एकाच वाणाला दहा-पंधरा वर्षं कवटाळून बसू नका, त्याची पिठाची गुणवत्ता कितीही आवडती असली तरी. रानात फिरताना खालची पानं उलटून बघा, बोटाला नारिंगी भुकटी लागली तर त्याच दिवशी ठरवायला हवं, पुढच्या आठवड्यात नाही.

कोरडवाहू

आमच्याकडे पाटही नाही आणि विहीरही नाही, पावसाची ओल तेवढीच. आम्ही काय मोजायचं?

वाफसा

कोरडवाहू, तुमच्यासाठी तर सगळ्यात चांगला मापदंड आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियात १९८४ मध्ये काढलेला. पिकाला मिळालेलं एकूण पाणी मिलिमीटरमध्ये घ्या, त्यातून साधारण ११० वजा करा, तेवढं जमिनीतून थेट उडून जातं, आणि उरलेल्या प्रत्येक मिलिमीटरला हेक्टरी २० किलो दाणा ही वरची मर्यादा. ३०० मिलिमीटर मिळालं तर १९० गुणिले २० म्हणजे ३.८ टन. तुम्हाला दोन टन येत असेल तर पाणी कमी आहे हे कारण अर्धंच खरं, बाकीचं तण, उशीर, मुळांचा रोग, नत्र यात कुठेतरी अडकलंय. ११० ही तिथली सरासरी आहे, तुमच्या जमिनीला थोडी इकडेतिकडे होईल. आणि ते उडून जाणारं पाणी कमी करायचं तर शून्य मशागत यांनी सांगितलेलं काडाचं आच्छादन, तुमच्याइतका त्याचा फायदा दुसऱ्या कोणाला नाही.

नवं बियाणं

सगळं वाचून काढलं. माझा गहू आत्ता पोटरीत आहे, पेरणी उशिरा झाली, पट्टा वगैरे सोडलेला नाही. आत्ता या टप्प्यावर काही करता येईल का की हे वर्ष गेलं?

पाटकरी

गेलं नाही. पोटरीत ताण बसू देऊ नका, आत ओंबीचे दाणे ठरतायत, पाणी असेल तर आत्ताच द्या. उशिराच्या गव्हाला दाणे भरताना ऊन लागणार, तेव्हा तिथे पण एक हलकं पाणी राखून ठेवा, ओल असेल तर पीक स्वतःला दोन-तीन अंशांनी गार ठेवतं.

वाफसा

पाटकरींचं करा. नत्र आता टाकून ओंब्या वाढणार नाहीत, उशिराचं नत्र फार तर दाण्यातली प्रथिनं वाढवतं, तेव्हा पोती फोडू नका. तांबेऱ्यासाठी खालची पानं बघत राहा. आणि ओंब्या निसवल्या की चौकट टाकून मोजा, चार-पाच जागी, मग मळणीआधी दहा-बारा ओंब्या हातावर चोळून दाणे मोजा. तिन्ही आकडे इथेच टाका, पेरणीची तारीख आणि आधीचं पीक पण लिहा, म्हणजे पुढच्या पेरणीला नेमकं काय बदलायचं ते आपण सगळे मिळून बघू.